बरणी आणि मागची सीट

जानेवारीचा दुसरा रविवार, सकाळचा चहा झाल्यावर. ठिकाण उंब्रज, आमचं अंगण. हजर: मी, मालक, धाकटे दीर, पोती तोलायचा ताणकाटा आणि विटांच्या थप्पीवर उभी केलेली मोटरसायकल. गैरहजर: तिचा मागचा शॉक, तो सांगलीला दुरुस्तीला गेला होता. निघायला आठवडा राहिला होता आणि सामान गाडीला झेपणार नव्हतं. काय काढायचं ते ठरवायला आम्ही जमलो होतो.

हजेरी मांडायची सवय मला नोकरीनं लागली. मी ग्रामीण रुग्णालयाचं औषधभांडार सांभाळते. कुठल्या फळीवर काय आहे, कशाची मुदत आधी संपते, काय मागवायचं राहिलंय, हे डोक्यात आणि कागदावर दोन्हीकडे असावं लागतं. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडे बायका नवऱ्याला मालक म्हणतात आणि घर आपल्या पद्धतीनं चालवतात. ते फौजेत गाड्या चालवायचे, दुरुस्तही करायचे. निवृत्त होऊन आता भावाबरोबर ऊस बघतात.

त्यांची तीन पोस्टिंग राजस्थानच्या सरहद्दीवर झाली. मी एकदाही गेले नाही. कधी क्वार्टर मिळाली नाही, कधी मुलांची शाळा, कधी सासूबाईंचं आजारपण, आणि माझी नोकरी तर कायमचीच. सुट्टी संपत आली की मी त्यांची काळी ट्रंक भरायची. खाली जड, मध्ये कपडे, कडेला चटणीचे डबे, वर पटकन लागणारं. ओगलेवाडीला कराड स्टेशनवर त्यांना गाडीत बसवायचं आणि परत येऊन दुसऱ्या दिवशी कामावर जायचं. ट्रंक कशी भरायची ते मला पाठ होतं. ती जिथं जायची, ते गाव मी फक्त नकाशात बघितलं होतं.

आता मुलं पुण्यात मार्गाला लागली. सासूबाई गेल्या. रजा साठली होती. दिवाळीपासून माझं चित्त एका जागी लागेना. आमचं घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर आहे. राजस्थान पासिंगचे ट्रक संगमरवराच्या लाद्या घेऊन बंगळूरच्या बाजूला जातात आणि मोकळे परत येतात. मी दूध तापवता तापवता परतीचे ट्रक बघत राहायची आणि दूध उतू जायचं. भांडारात गोळ्यांची पाकिटं मोजताना आकडा विसरायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. असं मला कधी झालं नव्हतं. शेवटी एका रविवारी मालकांना म्हटलं, रेल्वेनं नको, बसनं नको, गाडीवरून जाऊ, वाटेत पाहिजे तिथं थांबू. ते हो म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात तासगावला गाडी बघायला गेलो.

गाडी दहा वर्षं जुनी. उंच, लांब पायांची, पुढचा मडगार्ड चोचीसारखा बाहेर आलेला. तिचा आधीचा धनी एका द्राक्षबागायतदाराचा मुलगा. तो पुण्याला नोकरीला गेला आणि ती बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीखाली उभी राहिली. दोन हंगाम तिला कुणी हात लावला नव्हता. मालकांनी घरी आणून एअर फिल्टरची पेटी उघडली तर आत मूठभर बेदाणे निघाले, उंदरानं नेऊन साठवलेले. दीर म्हणाले, गाडी कुठल्या गावची आहे ते आता नंबरप्लेट न बघता सांगता येईल.

तिचं काम दीड महिना चाललं. मी कागद केला, मालकांनी हात चालवले. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट नवी. पुढच्या फोर्कचे सील गळत होते, ते बदलले. हँडल वळवताना मध्ये अडकल्यासारखं व्हायचं, म्हणून कोनसेट नवा. पाण्याच्या रबरी नळ्या बोटानं दाबल्यावर चिरा दिसल्या, त्या सगळ्या काढल्या. क्लचची जुनी केबल चांगली होती. ती तशीच ठेवून तिच्या शेजारून नवी केबल ओढून बांधून टाकली, म्हणजे वाटेत तुटली तर फक्त दोन टोकं जोडायची. ही फौजेतली रीत. मला ती फार आवडली. माझ्या भांडारातही मी असंच करते.

सामान कशात न्यायचं यावरून मात्र जुंपली. मालकांच्या डोक्यात काळी ट्रंक होती. तिचा पत्रा कापून दोन्ही बाजूंना दोन पेट्या करायच्या, कुलूप लावायचं, पाऊस नाही, चोर नाही, बसायलाही उपयोगी. दिरांच्या ओळखीचा ट्रॉल्या बनवणारा होता. त्यानं दोन दिवसांत पेट्या करून दिल्यासुद्धा. दिसायला झकास होत्या. एका पेटीवर ट्रंकेवर रंगवलेल्या मालकांच्या फौजी नंबरातले पांढरे तीन आकडे आले होते आणि दुसरीवर उरलेले.

मी दोन्ही पेट्या आणि त्यांना धरणारी लोखंडी चौकट ताणकाट्याला लावली. गाडीच्या पुस्तकात किती वजन चालतं ते दिलेलं असतं. त्यातून आम्हा दोघांचं वजन वजा केलं की जे उरतं, त्यातलं निम्म्याहून जास्त वजन रिकाम्या पेट्यांनीच खाल्लं. शिवाय गाडी कलंडली आणि पाय पेटीखाली सापडला तर नडगी मोडते. असले पाय मी रुग्णालयात बघितलेत. मालकांनी एक दिवस तोंड फुगवलं. मग पेट्या माळ्यावर गेल्या आणि आम्ही पुन्हा तासगावला.

तिथं बेदाण्याच्या शेडवरची आवरणं शिवणारे एक चाचा आहेत. हंगाम तोंडावर आलेला, दुकानभर हिरवी जाळी आणि ताडपत्री पसरलेली. त्यांनी गाडी दुकानाच्या दारात उभी करायला लावली आणि फरशीवर खडूनं तिचा आकार काढला. मी सांगत गेले: दोन पिशव्या, तोंड गुंडाळून बंद होणारं, सायलेन्सरच्या बाजूला आतून जाड अस्तर, आणि चाकाला घासायला नको म्हणून मध्ये हलकी पट्टीची चौकट. एवढी जाड ताडपत्री कशाला, पावसाळा तर नाही, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, वाळूसाठी.

"वैनी, ह्यात बेदाना किती मावल ते आत्ता सांगतो," ते म्हणाले. "बायकांचं कपडं किती मावत्याल, ते अल्लालाच म्हाईत."

पिशव्या आल्या. दोन्ही मिळून पेटीच्या झाकणाएवढ्यासुद्धा जड नव्हत्या. मी भरून बघितल्या. औषधं, पंक्चरचं सामान, दोन जादा ट्यूब, हत्यारांची गुंडाळी, प्रत्येकी तीन जोड कपडे, मालकांचं दाढीचं, माझं कुंकू-कंगवा, एक थर्मास. तोलून सहा किलो शिल्लक राहिले. इतकं समाधान मला दहावीच्या निकालालाही झालं नसेल.

मग गावाला कळलं. बातमी कुणी फोडली याचा शोध मी घेतला नाही, कारण दीर समोरच बसले होते.

आमच्या भागात घराआड एक फौजी. कुणी सुट्टी संपवून परत निघालं की आसपासची घरं आपल्या पोरासाठी त्याच्याजवळ वानवळा देतात. शेतातलं, घरातलं, हातचं काही. कुणी नाही म्हणत नाही. मालक बावीस वर्षं दुसऱ्यांच्या आयांच्या हातचं खात राहिले आणि दुसऱ्यांची पोरं माझ्या हातचं. आम्ही निघालोय त्या बाजूला गावातली आणि आसपासच्या वस्त्यांवरची पाच-सहा पोरं आहेत हे मला माहीत होतं. पण आम्ही फौजेतून नाही, फिरायला निघालोय, त्यामुळे ही रीत आम्हाला लागू नाही, असं मी धरून चालले होते. ही माझी चूक. मालकांना तर हा प्रश्नच पडला नाही. दारात आलेल्या प्रत्येकीला ते म्हणाले, ठेवा की.

शेंगदाण्याची चटणी आली. कुरडया आल्या, त्या वजनाला हलक्या पण जागा पोत्याएवढी. संक्रांत जवळ, म्हणून तिळाचे लाडू. तुपाची किटली. एकीनं भुईमुगाच्या शेंगांची पिशवी आणली. उंब्रजच्याच एका बाईंनी गुळाची आख्खी ढेप दिली, पोराच्या तुकडीत दहाजण आहेत, एकट्यानं खाल्लेलं बरं दिसत नाही म्हणून. पिशव्या भरल्या, मग त्यांच्या वर एक गोणपाट बांधलं गेलं, मग मागच्या सीटच्या मागचं कॅरिअर भरलं.

त्या शनिवारी आम्ही सगळं लादून, मला मागं बसवून, कराडवरून विट्याच्या रस्त्याला चाचणीला गेलो. जाताना गाडी होडीसारखी डुलत होती. विट्याच्या अलीकडच्या गतिरोधकावर मागून धप्पकन आवाज झाला, माझे दात एकमेकांवर आपटले आणि उजवी पिशवी चाकाला घासायला लागली. उतरून बघितलं. शॉकनं तेल सोडलं होतं आणि चौकटीचा एक कान वेल्डिंगपाशी तडकला होता. शेंगांची पिशवी फाटून आम्ही येत होतो त्या रस्त्यावर बारीक रांग लागली होती. मालकांनी ढेप पुढं टाकीवर घेतली आणि आम्ही हळूहळू परत आलो.

तर दुसऱ्या दिवशीचा तो रविवार. शॉक सकाळीच दिरांच्या ओळखीच्या टेम्पोतून सांगलीला गेला होता. मी एकेक वस्तू काट्याला लावत होते, मालक आकडा वाचत होते, दीर उसाच्या कांड्याची साल काढत बसले होते. बेरीज केली. मर्यादेच्या वर एकवीस किलो.

थर्मास काढला. मालकांचे दुसरे बूट काढले. अजून बरंच राहिलं. मी म्हटलं, आता सुचवा.

दीर म्हणाले, "वैनी, सोपं हाय. दादा गाडीवर जाऊ दे. तुमी रेल्वेनं जावा, न्हाईतर पुढच्या टायमाला जावा. सामान तर न्यायलाच पायजे."

ते चेष्टेत म्हणाले नव्हते. वाईट मनानंही नाही. त्यांनी बेरीज बघितली होती आणि सगळ्यात मोठा आकडा माझाच होता. मी मालकांकडे बघितलं. ते काट्याच्या हुकाकडे बघत होते. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. त्यांनी हुक उगीच दोनदा खालीवर केला.

मी उठून फाटकापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले. हायवेवर मोकळे ट्रक उत्तरेला चालले होते. पायाला मुंग्या आल्यासारखं होत होतं, बसवेना. मग परत येऊन म्हटलं:

"मी सामान न्हाई. आधी मी बसनार. मग उरल्या वजनात काय बसतंय ते बघू."

दीर साल काढायचे थांबले. मालकांनी काटा खाली ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "पन पाकिटं माघारी कोन देनार? माझ्यानं व्हायचं न्हाई."

"मी देते."

औषध कमी पडलं की मी नाही म्हणते, ते माझं रोजचं काम आहे. एकाला दहा गोळ्या लिहून दिलेल्या असतात, मी पाच देते आणि सांगते, चार दिवसांनी या. लोक बोलतात, मी ऐकून घेते. त्यामुळे पाकिटांचं मला काही वाटत नव्हतं. सोमवारी कामावरून येताना कराडहून रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्या आणल्या, सगळ्या एका मापाच्या. मंगळवारी संध्याकाळी घरोघर निघाले. एका घराला एक डबी, त्यात मावेल ते द्या, बाकीचं हे घ्या परत.

बोलणी बसली. ढेपवाल्या बाई म्हणाल्या, "ह्यो सरकारी दवाखानाच झाला की गं. चार गोळ्या घ्या आन गप घरी जावा." दुसरीनं आपल्या सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हिच्या मालकाला आम्ही किलो किलोनं पाठवलंय. ते खरं होतं. मी चहा प्यायले, डबी भरून घेतली, झाकणावर पोराचं नाव चिकटवलं आणि पुढच्या घरी गेले. ढेपेचा डबीएवढा तुकडा करायला कोयता लागला. बुधवारी शेवटचं घर झालं. डब्या एका थैलीत ओळीनं बसल्या. सांगलीहून शॉक परत आला, आत नवे सील, स्प्रिंग एक नंबर कडक. मेकॅनिकनं मालकांना बजावलं होतं की दोन माणसं आणि दोन पिशव्या, वर प्रसादाची पुडीसुद्धा नको. चौकटीचा कान जाड पट्टी लावून पुन्हा जोडला. तोललं. अर्धा किलो शिल्लक.

गुरुवारी दुपारी मी जेवायला घरी आले होते. तारळी नदीच्या पलीकडच्या वस्तीवरच्या काकू ओट्यावर बसलेल्या दिसल्या. गुडघ्यानं अधू आहेत, पूल ओलांडून उन्हातून चालत आल्या होत्या. शेजारी फडक्यात बांधलेली चिनी मातीची बरणी. त्यांचा धाकटा मुलगा आम्ही जाणार त्याच गावी आहे. त्यांच्याकडे मी गेलेच नव्हते, कारण त्यांनी काही दिलंच नव्हतं. माझ्या कागदावर त्यांचं घर नव्हतं.

लिंबाचं लोणचं, मुरलेलं. मी पाणी दिलं आणि नियम सांगितला. डबी दाखवली. त्यांनी डबी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"पलास्टिकात बुरशी धरती," त्या म्हणाल्या. "बरनीच ने."

काकू, वजन होत नाही हो, गाडी जुनी आहे, परवाच मोडली होती, असं मी सांगत होते. त्या ऐकत होत्या. फडक्याची गाठ सोडून त्यांनी बरणी माझ्याकडे फिरवली. काठाला टवका उडालेला होता आणि मला तो ओळखीचा वाटला.

"ही तुझीच हाय," काकू म्हणाल्या. "तुझं लगीन झालं त्या सालची. तुझ्या मालकाला लोनचं घेऊन आमचं गेलं व्हतं बग. रेल्वेच्या डब्यात जागा न्हवती. दोन रात्री मांडीवर घिऊन बसलं व्हतं. मोकळी माघारी आनली ती आमच्यातच राहिली. तुला कवातरी द्यायची व्हती."

त्यांचे यजमान जाऊन पाच वर्षं झाली. मांडीवरचं मला माहीत नव्हतं. तेव्हा मालकांच्या पत्रात एवढंच होतं की लोणचं मिळालं, बरणी फुटली नाही.

काकूंनी त्यानंतर आग्रह केला नाही. उलट म्हणाल्या, नसेल जमत तर राहू दे, तुम्हीच खा. मग काठी टेकत पुलाकडे गेल्या.

पावणेचार किलो. काटा खोटं सांगत नाही. तेव्हापासून मी माझ्या वाट्याचं काढत आलेय. एक शाल, चपलांचा दुसरा जोड, एक पंजाबी ड्रेस, सीटवर टाकायची गादी. गादी काढताना जिवावर आलं, कारण बाराशे किलोमीटर त्याच सीटवर बसायचंय. तरी सव्वा किलो जास्तच. दीर म्हणाले, कुरिअर करतो की. चिनी मातीची बरणी, आत तेल-मीठ, आणि पत्ता फौजेचा. कुरिअरवाल्यानं फोनवरच नकार दिला. मी मांडीवर घेईन म्हटलं, तर मालक म्हणाले, मांडीवर घेतली तरी वजन गाडीवरच, आणि ब्रेक मारला की बरणी माझ्या पाठीत. बरोबर होतं. लोणचं डब्यांत काढून बरणी इथंच ठेवायची, हेही झालं असतं. तीन डब्या पुसून ओट्यावर मांडल्या. झाकणाला हात लावला आणि तसाच काढला.

आज शनिवार. दुपारी मालक हत्यारांची गुंडाळी बाहेर काढून खुंटीला अडकवताना दिसले. विचारलं तर म्हणाले, वाटेत सगळीकडे गॅरेज असतात. सव्वा किलोच्या वरच भरते ती. बावीस वर्षांच्या नोकरीत हा माणूस जुन्या गाडीवर हत्यारं न घेता कधी निघाला नसेल. मी ती परत पिशवीत घातली आणि पट्टा ओढून घट्ट केला. त्यांनी बरणी उचलून मागच्या सीटवर ठेवून बघितली, माझ्या जागी. मग उतरवून ओट्यावर ठेवली.

संध्याकाळी मी दोनदा बरणी घेऊन पुलापर्यंत गेले. पहिल्यांदा कुणीतरी भेटलं आणि बोलता बोलता परत फिरले. दुसऱ्यांदा कुणीच भेटलं नाही. पलीकडे काकूंच्या वस्तीवर चूल पेटलेली दिसत होती, धूर सरळ वर जात होता. हात भरून आले म्हणून बरणी कठड्यावर टेकवली. मग घेऊन घरी आले.

सकाळी उजाडायला निघायचंय. रजेचा अर्ज मंजूर आहे. चेनला तेल झालं. आरसे घट्ट झाले. दुधाचा रतीब बंद केला. कुत्र्याचं दिरांकडे सोपवलं. टायरमधली हवा गाडी थंड असतानाच बघायची असते, ती सकाळी बघेन. मी मागं बसणार, हे ठरलेलं आहे आणि ते बदलणार नाही.

बरणी ओट्यावर आहे, झाकणाला फडकं बांधलेलं. तिचं ठरायचं राहिलंय.